अकरा काटे

आयर्विनच्या पुलावर फुटांचा आकडा खाली आला,
तेव्हा प्राणिशास्त्राच्या कपाटात बोटभर गाळ होता.
बरण्या जागच्या जागी. बुचांना मेण होतं म्हणून.
फक्त बाहेर डकवलेली लेबलं गेली.
सत्तेचाळीस बरण्या, सत्तेचाळीस बिननावाचे.

नाग ओळखू आला, वटवाघूळ आलं,
मरळ, वाम, शिंगाळा तर कृष्णेचेच,
नदी त्यांना काचेबाहेरून हात लावून परत गेली.

राहिला एक.
चपटा, उंच पाठीचा, कपाळ दंडोबाच्या चढासारखं उभं,
रंग जुन्या धोतराचा.
मुजावर मॅडम म्हणाल्या, हा समुद्राचा.
भूपालमामा, चिमटा घ्या. मोजू या.

मी मगदूम, कसबे डिग्रजचा.
आमच्यात चातुर्मासात कांदासुद्धा बंद.
तीस वर्षं मासे पुसले, फॉर्मेलीन बदललं,
एकही जिभेवर आला नाही.
बायको अजून दारातच विचारते, हात धुतले का.
पण मोजायला काय. मोजल्यानं कुणी मरत नाही.

पाठीवरचा पर उचलला.
अकरा काटे टणक, त्यामागं अकरा मऊ,
वाऱ्यावर हलतील असे.
पोटाखाली, शेपटीकडं, आणखी तीन,
त्यातला मधला दांडगा, पहारीसारखा.
तोच घुसला अंगठ्यात.
पन्नास वर्षांपूर्वी मेलेला मासा
आणि रक्त माझं.

ओठ बाजूला केले. पुढं सुळे, खुंटीसारखे.
आत दाढा. खरोखर दाढा,
शाळूच्या दाण्याएवढ्या, गोल, ओळीनं बसवलेल्या.
शिंपले फोडून खातो हा, मॅडम म्हणाल्या.
माझ्या डाव्या बाजूच्या तीन गेल्यात.

मग खवले.
पाचव्या काट्यापासून अंगावरच्या रेषेपर्यंत किती ओळी?
तीन, म्हटलं. आणि वर एक अर्धी.
साडेतीन, त्यांनी लिहिलं.
साडेतीन मुहूर्त माहीत होते मला,
साडेतीन हाताचा देह माहीत होता,
माशाच्या पाठीवर साडेतीन असतं हे आज कळलं.
आणखी एक ओळ भरली तर म्हणे जात बदलते.
ओळभर खवल्यांवर जात!
आमच्या गावात त्याहून कमीवर ठरते.
मॅडम हसल्या नाहीत. मीही नाही.

कूळ पक्कं झालं, स्पॅरिडी.
मराठी नावासाठी फोटो घेऊन मिरजेला गेलो,
मासळी बाजारात रत्नागिरीचा बर्फ उतरत होता.
नाकाला रुमाल लावला नाही, तेवढी सवय आहे.
जैबुनबी म्हणाली, ह्यो पालू.
शेजारची म्हणाली, कुठला पालू, खुरसी ती.
दोघी जुंपल्या.
भाव मात्र दोघींचा एकच.

परत आलो तर एक रकाना उरला होता.
नर की मादी?
मॅडम म्हणाल्या, लहानपणी नर असतो,
वाढला की मादी होतो. सगळे नाही, पण पुष्कळ.
हा ना लहान, ना मोठा.
चिरून बघायचं?
नको, म्हणाल्या. एकच आहे आपल्याकडं.
रकाना कोरा ठेवला.
कोऱ्या रकान्याकडं मी बराच वेळ बघत बसलो,
चहा निवला.

शाईनं नको, मामा. पेन्सिल पाण्यात टिकते.
तीस वर्षांची लेबलं माझ्याच अक्षरात होती, निळ्या शाईची,
कुणी सांगितलं नव्हतं.
ब्लेडनं टोक काढलं.
पालू किंवा खुरसी, असं लिहिलं. दोन्ही.
खाली अकरा काटे, अकरा मऊ, साडेतीन.
आणि मोजणारा, ह्या शब्दापुढं
त्यांनी माझं नाव घालायला लावलं.

लेबल ह्या वेळी बरणीच्या आत सोडलं.
ते डुलत डुलत खाली गेलं
आणि त्याच्या तोंडाशी टेकलं.
अंगठा दोन दिवस ठणकत होता.